टेबलावरचं चुंबक

नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून 2023 च्या मार्चमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना तपासणीसाठी घेतला गेला. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला तो डिसेंबरमध्ये. गोळीत सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हतं. कमी होतं असं नाही, मुळात नव्हतंच. पट्टीवर छापलेल्या नावाची उत्पादक कंपनी शोधू गेल्यावर तीही सापडली नाही. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातही असाच माल पोचला होता. नागपूर ग्रामीण पोलिसांनी 2024 च्या सप्टेंबरमध्ये आरोपपत्र दाखल केलं. त्यानुसार या गोळ्या हरिद्वारमधल्या, जनावरांची औषधं बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या, आणि त्यांत होतं शंखजिरं आणि स्टार्च.

यंदाच्या अंकाचा विषय ‘खरं-खोटं’ असा ठरल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या डोक्यात या बातमीतले दोनच महिने होते: मार्च आणि डिसेंबर. मधल्या काळात तशा गोळ्या कुणीतरी घेतल्या असणार. मूत्रमार्गाच्या संसर्गाने तळमळणारी बाई असेल, टायफॉइडचा मुलगा असेल. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिलं, फार्मासिस्टने बरोबर दिलं, रोग्याने वेळच्या वेळी घेतलं, आणि ताप उतरला नाही. अशा वेळी डॉक्टर काय करणार? जंतू दाद देत नाहीत असं समजून वरच्या दर्जाचं, आणखी जहाल प्रतिजैविक लिहिणार. खोट्या गोळीचं नुकसान गोळीपाशी थांबत नाही ते असं.

गोळीत औषध आहे की नाही, एवढं कळायला नऊ महिने का लागावेत, हे शोधायला मी निघाले. वाटेत एक चुंबक भेटलं.

पिवळी चिठ्ठी

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याने मला आत येऊ दिलं. अट एकच, कारखान्याचं आणि माणसांचं नाव छापायचं नाही. पेनिसिलीन वर्गातली औषधं इथे वेगळ्या इमारतीत बनतात. कायद्याचाच तसा दंडक आहे, कारण ज्याला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे त्याला भलत्याच औषधाच्या गोळीतून पोटात गेलेली त्याची धूळही जिवावर बेतू शकते. म्हणून या इमारतीची हवा वेगळी, कपडे वेगळे, यंत्रं वेगळी. पांढरा अंगरखा, टोपी, मास्क, बुटांवर कव्हर चढवून आत गेलं की गंधकासारखा उग्र वास येतो. इथे काम करणाऱ्यांना तो जाणवेनासा झालाय.

कच्च्या मालाच्या भांडारात ॲमॉक्सिसिलीन ट्रायहायड्रेटचे फायबरचे ड्रम रांगेने उभे होते. प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी: ‘अंडर टेस्ट’. तपासणी होऊन हिरवी चिठ्ठी लागेपर्यंत या ड्रमला हात लावायचा नाही, लाल लागली तर माल परत. आत दुहेरी पॉलिथिनच्या पिशवीत पांढरी भुकटी. ॲम्पिसिलीनही पांढरं, सेफॅलेक्सिनही पांढरं, लॅक्टोजही पांढरं. डोळ्यांच्या भरवशावर इथे काहीच सोडता येत नाही.

“सॅम्पलिंगला आमच्याकडे रूट एन प्लस वन चालतं,” गुणवत्ता नियंत्रणाचे प्रमुख सांगत होते. म्हणजे चौसष्ट ड्रम आले तर चौसष्टचं वर्गमूळ आठ, अधिक एक, नऊ ड्रमांतला माल संपूर्ण तपासणीला जातो. “पण ओळख पटवायची ती प्रत्येक ड्रमची. एका ड्रमवर चुकीचं लेबल लागलेलं असू शकतं, आणि तो नेमका आपल्या नवात नसू शकतो.”

मला हे बोलणं सगळ्यांत मोलाचं वाटलं. औषधाची शुद्धता किती, ओलावा किती, गोळी किती मिनिटांत विरघळते, हे सगळे नंतरचे प्रश्न. आधी हे विचारायचं की हा पदार्थ कोण आहे? बाकी प्रश्नांची उत्तरं याच्या उत्तरावर उभी असतात, आणि घाईच्या दिवसात सगळ्यांत कमी वेळ याच प्रश्नाच्या वाट्याला येतो.

कोण आहेस तू?

ओळख पटवण्याच्या रीती फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथात, दिलेल्या असतात. पहिली इन्फ्रारेडची. पदार्थावर अवरक्त प्रकाश सोडायचा, त्याने कोणता प्रकाश शोषला याचा आलेख प्रमाणित नमुन्याच्या आलेखाशी ताडून पाहायचा. शुद्ध भुकटीसाठी ही रीत झकास आहे. गोळीत मात्र औषधाबरोबर सेल्युलोज, स्टार्च आणि रंग असतात, आणि सगळ्यांचे आलेख एकमेकांत मिसळतात. दुसरी रीत एचपीएलसीची. औषध द्रवात मिसळून दाबाने एका बारीक नळकांड्यातून जाऊ द्यायचं आणि ते किती मिनिटांनी बाहेर पडतं ते पाहायचं. ही सध्याच्या प्रयोगशाळांची राजवाट. पण तिला त्या-त्या औषधाचा प्रमाणित नमुना लागतो, मोबाइल फेज, म्हणजे तो वाहता द्रव, बनवावी लागते, नळकांडं स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि यंत्रापुढे रांग असते. हातात धरायच्या रामन यंत्राने पिशवी न उघडता तपासणी होते. तरी काही पदार्थ लेसरखाली स्वतःच चमकू लागतात आणि ओळखीच्या खुणा त्या चमकेत बुडून जातात.

प्रतिजैविकांच्या बाबतीत ही ओळख पहिल्यापासूनच अवघड होती. पेनिसिलीनने दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे प्राण वाचवले, तेव्हा त्याच्या रेणूची रचना काय यावर मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ भांडत होते. डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये क्ष-किरणांनी स्फटिक तपासून वाद मिटवला. रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे, बीटा-लॅक्टम, हे तेव्हा पक्कं झालं. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन बनू लागलं. त्या पिढीतलं प्रतिजैविक जोखण्याचं मुख्य साधन होतं जिवंत जंतू. बशीत जंतू वाढवायचे, मध्ये औषध ठेवायचं, आणि भोवती जंतूंविना किती मोठं वर्तुळ उमटतं ते मोजायचं. काही प्रतिजैविकांसाठी ही रीत आजही वापरतात. तिने औषधाचा जोर कळतो. रेणू मात्र दिसत नाही.

शेजाऱ्यांवरून पत्ता

रेणू दाखवणारं साधन एनएमआर. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, स्वतःच एक बारीकसं चुंबक असतं. त्याला बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की ते ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना साद देतं. क्षेत्र 1 टेस्ला असेल तर ही वारंवारता साडेबेचाळीस मेगाहर्ट्‌झच्या जरा वर. अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं, आणि 1952 चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून देण्यात आलं.

रसायनशास्त्राला त्याचा उपयोग कळला तो पुढच्या एका शोधाने, आणि त्यात मुंबईशी जोडलेला माणूस होता. स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत अर्नोल्ड, पॅकार्ड आणि एस. एस. धर्मट्टी यांनी साध्या अल्कोहोलचा नमुना चुंबकात ठेवला. एकच खूण दिसायची, तिथे तीन दिसल्या. 1951 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात, आणि प्रत्येक ठिकाणची साद किंचित वेगळी येते. प्रत्येक हायड्रोजन आपल्या शेजाऱ्यांवरून ओळखता येतो. चाळीत खोलीचा नंबर सोडून ‘जोश्यांच्या शेजारचे’ असा पत्ता सांगतात तसा. धर्मट्टी नंतर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतात एनएमआरचं काम त्यांनी उभं केलं. त्याच संस्थेत, कुलाब्याला, पुढे उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा झाली.

ही मोठी यंत्रं म्हणजे माणसापेक्षा उंच टाक्या. आत अतिवाहक तारांचं वेटोळं द्रव हीलियममध्ये, उणे 269 अंशांवर बुडवलेलं असतं. हीलियम आयात करावा लागतो, तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, वेगळी खोली लागते आणि जाणकार माणूस लागतो. कारखान्याच्या भांडारापाशी ते शक्य नाही.

टेबलावर मावणाऱ्या छोट्या एनएमआर यंत्रात मात्र हीलियम नाही. निओडिमियमसारख्या धातूंच्या कायमच्या चुंबकांचे तुकडे एका वर्तुळात अशा दिशांनी बसवतात की सगळं क्षेत्र मधल्या पोकळीत एकवटतं आणि बाहेर जवळपास काही उरत नाही. क्लाउस हॅल्बाख या शास्त्रज्ञाच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. क्षेत्र मिळतं ते दीड-दोन टेस्लाच्या आसपास, म्हणजे प्रोटॉनसाठी 60, 80, काही यंत्रांत 100 मेगाहर्ट्‌झ. साधा विजेचा प्लग पुरतो. चुंबक तापलं किंवा गार पडलं की क्षेत्र सरकतं, म्हणून पेटी आतून एकाच तापमानावर राखलेली असते.

एका ऑक्सिजनचा फरक

वाळूजच्या प्रयोगशाळेत ही पेटी एचपीएलसींच्या रांगेच्या टोकाला, वेगळ्या ओट्यावर होती. वर एक भोक, त्यात पेन्सिलीएवढी बारीक काचेची नळी जाते. ती चालवणाऱ्या ॲनालिस्टने ॲमॉक्सिसिलीनची चिमूटभर भुकटी, वीस मिलिग्रॅमच्या आसपास, वजन करून घेतली आणि अर्ध्या मिलिलिटरहून थोड्या जास्त द्रवात विरघळवली. हा द्रव म्हणजे डीएमएसओ, पण त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलेलं. साधा द्रव घेतला तर त्याचेच हायड्रोजन एवढे असतात की त्या गलबल्यात औषधाचा आवाज ऐकू येत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या औषधांसाठी जड पाणी वापरतात. ते तर आपल्याकडेच बनतं, रायगड जिल्ह्यात थळला, अणुऊर्जा खात्याच्या कारखान्यात.

नळी आत गेली, पडद्यावर हळूहळू रेघ उमटू लागली. यंत्र तोच नमुना पुन्हा पुन्हा विचारून उत्तरांची बेरीज करतं. काही मिनिटांत गोंधळ बसला आणि रेघेखालच्या आकड्यांच्या पट्टीवर ठरावीक जागी शिखरं वर आली. इथे सगळे त्यांना पीकच म्हणतात.

“हे बघा मॅडम, दीडच्या आसपास हे दोन मिथिल. पेनिसिलीनच्या सांगाड्याची खूण. साडेपाचजवळचे हे बीटा-लॅक्टम कड्यावरचे. आणि सातच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांकडे झुकलेले हे दोन गठ्ठे दिसतात? हे ॲमॉक्सिसिलीनच्या बेंझीन कड्याचे.”

मग तिने ॲम्पिसिलीनची नळी घातली. ॲमॉक्सिसिलीन आणि ॲम्पिसिलीन यांच्या रेणूंत फरक फक्त एका ऑक्सिजनचा. ॲमॉक्सिसिलीनच्या कड्याला समोरच्या टोकाला ओएच लागलेला असतो, ॲम्पिसिलीनच्या कड्याला तिथे नुसता हायड्रोजन. मिथिलची शिखरं तशीच आली, साडेपाचजवळचीही तशीच. सातपाशी मात्र दोन गठ्ठ्यांऐवजी एकच उंच गठ्ठा उभा राहिला. तिने माउसने शिखरांखालचं क्षेत्रफळ मोजलं. ॲमॉक्सिसिलीनला मिथिलचे सहा हायड्रोजन धरले तर कड्यावरचे चार येतात, ॲम्पिसिलीनला पाच. रेणूतले अणू असे पडद्यावर मोजता येताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मोजता येतात, याला फार अर्थ आहे. एनएमआरमध्ये शिखराचं क्षेत्रफळ हायड्रोजनच्या संख्येच्या प्रमाणात असतं, मग तो कोणत्याही पदार्थाचा असो. त्यामुळे औषधाचं प्रमाण काढायला त्याच औषधाचा महागडा प्रमाणित नमुना लागत नाही. मॅलेइक आम्लासारखा एखादा शुद्ध, स्थिर पदार्थ काटेकोर वजन करून त्याच नळीत घालायचा आणि त्याच्या शिखराशी तुलना करायची. एकच बाटली सगळ्या औषधांना चालते.

शंखजिरं आणि मक्याचा स्टार्च

नागपूरचा विषय मी काढला, तेव्हा प्रमुखांनी ॲनालिस्टकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच आलं असावं. गोळ्या बनवताना शंखजिरं आणि स्टार्च दोन्ही लागतात, आणि दोन्ही भांडारात होते. तिने दोन्हींची भुकटी खलात एकत्र केली. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनची खरी गोळी वेगळ्या खलात कुटली. दोन्हींतली थोडी थोडी भुकटी जड पाण्यात हलवली आणि सिरिंजला फिल्टर लावून गाळून घेतली.

खऱ्या गोळीच्या रेघेवर दीडच्या अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तीन कार्बनांच्या कड्याची खूण आली, साडेतीनपाशी पिपेराझिनची, आणि डावीकडे सात-आठच्या पट्ट्यात कड्यावरच्या हायड्रोजनची. लिव्होफ्लॉक्सासिन असतं तर मिथिलची शिखरं दिसली असती. मग तिने यंत्राला हायड्रोजनऐवजी फ्लोरिन ऐकायला सांगितलं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूत एकच फ्लोरिन असतो, गोळीतल्या स्टार्चात, सेल्युलोजात, लॅक्टोजमध्ये एकही नसतो. कोऱ्या रेघेवर एकच शिखर आलं.

दुसरी नळी. शंखजिरं पाण्यात विरघळत नाही, कच्चा स्टार्च गार पाण्यात जवळपास विरघळत नाही, फिल्टरने दोघांनाही मागेच अडवलं होतं. हायड्रोजनच्या रेघेवर पाण्याचं शिखर तेवढं होतं. फ्लोरिनच्या रेघेवर काहीच नव्हतं. खल उचलल्यापासून इथपर्यंत चहा गार होण्याइतकाही वेळ गेला नव्हता. ज्या प्रश्नाला मार्च ते डिसेंबर लागले होते, त्याचं उत्तर ओट्यावर पडलं होतं.

मुंबईच्या प्रयोगशाळेच्या दिरंगाईला यंत्र हा एकटा इलाज आहे, असं माझं म्हणणं नाही. नमुने रांगेत पडून राहतात ते माणसं कमी असल्यामुळे, कागद फिरत राहिल्यामुळे. पण ज्या गोळीत औषधच नाही आणि ज्या गोळीत ते दोन टक्के कमी आहे, त्या दोघींना एकाच रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. पहिलीला दारातच अडवता येतं.

चुंबक कुठे कमी पडतं

प्रमुखांनी यंत्राची तारीफ करून मला वाटेला लावलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्याच्या मर्यादा त्यांनीच तपशीलवार समजावल्या.

पहिली मर्यादा निसर्गाचीच. 60 मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाच प्रोटॉनांचा हिशेब उरतो, बाकीचे एकमेकांना रद्द करतात. त्यामुळे नमुना मिलिग्रॅमांत लागतो आणि अगदी बारीक भेसळ दिसत नाही. रिफॅम्पिसिनमध्ये 2020 मध्ये नायट्रोसामाइन वर्गातली अशुद्धी सापडली, ती दहा लाखांत काही भाग या मापाची. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरच हवा. दुसरी मर्यादा गर्दीची. चुंबक लहान, म्हणून शिखरं जवळजवळ येतात. ॲझिथ्रोमायसिनसारख्या मोठ्या रेणूचे कितीतरी हायड्रोजन एकाच पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. तिथे एकेक शिखर वाचता येत नाही, सगळ्या रेघेचा आकारच खऱ्या नमुन्याशी ताडून पाहावा लागतो. जेंटामायसिन तर मुळातच जवळच्या नात्यातल्या अनेक रेणूंचं मिश्रण. तिसरी गोष्ट म्हणजे पदार्थ विरघळला की त्याचं स्फटिकरूप गेलं. ॲमॉक्सिसिलीन ट्रायहायड्रेट होतं की निर्जल, हे नळीतल्या द्रावणातून सांगता येत नाही.

एनएमआरला औषधतपासणीत मान कसा मिळाला, ती गोष्ट मात्र त्यांनी आवर्जून सांगितली. 2008 च्या सुमारास अमेरिकेत रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनच्या इंजेक्शनांनी रुग्ण दगावले. हेपॅरिनमध्ये चीनमधून आलेली भेसळ होती, आणि ती इतकी हुशारीने निवडलेली होती की नेहमीच्या चाचण्यांना हेपॅरिनसारखीच वागे. ती पकडण्यात एनएमआरचा मोठा वाटा होता. हेपॅरिनचं शिखर 2.04 ला, शेजारी 2.15 ला एक उपरं शिखर. त्यानंतर अमेरिकेच्या फार्माकोपियात हेपॅरिनची ओळख एनएमआरने पटवणं सक्तीचं झालं. ते काम मोठ्या यंत्रांचं होतं. छोट्या यंत्रांवर बनावट औषधं आणि भेसळीची पूरक आहारद्रव्यं ओळखण्याचं काम नंतर फ्रान्समध्ये तुलूझला आणि नेदरलँड्समध्ये झालं.

फॉर्म 13

“मग तुम्ही चौसष्ट ड्रमांची ओळख यावरच का पटवत नाही?” मी विचारलं.

“पटवतो, पण आमच्या समाधानासाठी,” ते म्हणाले. “रजिस्टर झालेल्या स्पेसिफिकेशनमध्ये इन्फ्रारेड आणि एचपीएलसी लिहिलंय. हिरवी चिठ्ठी त्यांवरच लागते. पद्धत बदलायची तर व्हॅलिडेशन, चेंज कंट्रोल, ज्या ज्या देशात माल जातो तिथल्या मंजुऱ्या. ह्या यंत्राच्या पैशात दोन-तीन एचपीएलसी आले असते, असं फायनान्सवाले अजून ऐकवतात.”

सरकारी बाजूची गोष्ट याहून घट्ट बांधलेली आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे निरीक्षक दुकानातून किंवा भांडारातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सीलबंद करतो. एक भाग शासकीय विश्लेषकाकडे जातो, आणि विश्लेषकाचा फॉर्म 13 मधला अहवाल कोर्टात पुरावा ठरतो. तो अहवाल मान्य पद्धतीनेच झाला पाहिजे, आणि हे योग्यच आहे. कुणाला तुरुंगात पाठवायचं तर रेघ पाहून चालणार नाही. पण साठा रोखून ठेवायला, रुग्णालयाला ‘ही बॅच आज वाटू नका’ असं कळवायला आणि संशयित नमुना रांगेत पुढे काढायला कोर्टाचा पुरावा लागत नाही, सबळ शंका लागते. ती मिळवण्याची सोय भांडाराच्या दारात नाही, ही माझी तक्रार आहे.

जिल्ह्याच्या औषध भांडारात हे यंत्र ठेवायचं तर काय काय लागेल, याचा हिशेब आम्ही कँटीनमध्ये मांडला. वातानुकूलित खोली, वीज गेली तरी चुंबकाचं तापमान राखणारा यूपीएस, जड पाण्याचा आणि ड्युटेरियमवाल्या द्रावकाचा नियमित पुरवठा, बीएस्सी झालेला आणि तोच पदार्थ रोज त्याच काळजीने तोलणारा माणूस. शिवाय सरकारी रुग्णालयात सर्वांत जास्त खपणाऱ्या दहा-पंधरा प्रतिजैविकांच्या खऱ्या गोळ्यांच्या रेघांचा संग्रह, वेगवेगळ्या उत्पादकांच्या गोळ्यांवरून केलेला, म्हणजे एकाचा रंग किंवा कोटिंग वेगळं म्हणून खरी गोळी खोटी ठरू नये. संगणक ताडून ‘पास’ किंवा ‘फेल’ सांगतो. पण ॲनालिस्टचा आग्रह होता की माणसाने रेघ एकदा तरी स्वतः पाहावी, नाहीतर हेही आणखी एक शिक्का मारण्याचं यंत्र होईल.

“आणि सुरुवात?” मी विचारलं.

“सिप्रोपासून,” ती लगेच म्हणाली. “त्यात फ्लोरिन आहे. नवख्या माणसालाही चुकता येणार नाही.” प्रमुखांनी मान डोलावली आणि यादीत दुसरं नाव ॲमॉक्सिसिलीनचं घातलं. ॲझिथ्रोमायसिन शेवटी ठेवा म्हणाले, त्याला सरावलेला डोळा लागतो.